सिरियल नंबर पुरतो का? इंदूरच्या एका छोट्या सॉफ्टवेअरवाल्याचा प्रश्न

रामबागकर

अकरा वर्षं झाली, औषधांच्या दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवतोय. बॅच नंबर, एक्सपायरी, एमआरपी, जीएसटी, सगळं त्यात आहे. इथल्या दवा बाजारापासून देवासपर्यंत ग्राहक आहेत. किंमत ७,५०० रुपये, एका कॉम्प्युटरला एक सिरियल नंबर.

मागच्या महिन्यात उज्जैनहून फोन आला, "भाईसाब, रिटर्न की फाइल नहीं बन रही." त्यांचं नाव माझ्या वहीत नव्हतं. स्क्रीनवरचा नंबर वाचायला सांगितला, तर तो मी २०१९ साली इंदुरातल्या दुसऱ्याच दुकानाला दिलेला निघाला. कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या एका माणसानं तोच नंबर नऊ दुकानांत टाकलाय आणि प्रत्येकाकडून दोन-दोन हजार घेतलेत. दुकानदारांनी पैसे मोजले, पण माझ्यापर्यंत त्यातला रुपयाही आला नाही.

आता पुढच्या आवृत्तीत नंबर मशीनला बांधायचं ठरवतोय. मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कचा क्रमांक घ्यायचा, दर तीस दिवसांनी प्रोग्रामनं माझ्या सर्व्हरला विचारायचं, होकार आला तरच बिल निघेल. ज्या कामापायी रात्री जागवल्या त्याला कुलूप लावलं तर चुकलं कुठे? मोकळेपणानं सांगा.

अक्षरजुळारी

दादा, नऊ दुकानांचं वाचून वाईट वाटलं. पण तुमचा उपाय वाचून धसका बसला, कारण अशा कुलपामागे मी अडकले आहे.

राजेंद्रनगरात माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका. मराठी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर रीतसर विकत घेतलं, पावती अजून फाइलला आहे. त्याच्यासोबत डोंगल होता, म्हणजे लावला नाही तर प्रोग्राम चालतच नाही असा छोटा तुकडा, कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पोर्टात लावायचा. जुनं मशीन बंद पडलं, नवं आणलं, तर त्याला तो पोर्टच नाही. विकणाऱ्यांना फोन केला तर म्हणाले, नवी आवृत्ती घ्या. गणेशोत्सवाची स्मरणिका छपाईला जायला चार दिवस उरले होते. ओळखीच्याकडून तसं जुनं मशीन मागून आणलं आणि तीन रात्री त्यावर बसून काम पुरं केलं.

आमच्याच रस्त्यावर एकाकडे त्याच सॉफ्टवेअरची चोरीची प्रत होती, डोंगलची अटच काढून टाकलेली. त्याचं काम एक दिवस थांबलं नाही. पैसे देणारी अडली आणि न देणारा सुटला. तुमच्या त्या खऱ्या ग्राहकांचं असं होऊ नये, एवढंच मला म्हणायचंय.

लोकमान्यनगर_काका

ताई, तुम्हाला त्रास झाला हे खरं, पण म्हणून दार सताड उघडं ठेवायचं का? हे दुखणं आजचं नाही. ३ फेब्रुवारी १९७६ ला बिल गेट्सनं हौशी कॉम्प्युटरवाल्यांना उघडं पत्र लिहिलं होतं. आल्टेअर नावाच्या तेव्हाच्या छोट्या कॉम्प्युटरसाठी त्यानं बनवलेलं बेसिक, म्हणजे प्रोग्राम लिहायच्या भाषेचं सॉफ्टवेअर, लोक नकलून वाटत होते, आल्टेअरवाल्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी ते विकत घेतलंय, असं त्यात म्हटलंय. त्याच्यामागे पुढे कंपनी उभी राहिली. रामबागच्या खोलीत एकट्यानं काम करणाऱ्यामागे कोण आहे?

आपला कायदाही स्पष्ट आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब खाली चोरीची प्रत जाणूनबुजून वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ६५अ आलं, त्यात असं कुलूप तोडणंही गुन्हा झाला. कुलूपच नसेल तर तोडलं म्हणणार कसं? माझं मत, मशीनला बांधा आणि त्या जोडणाऱ्याला आधी नोटीस पाठवा.

बिट_मोजणारा

मूळचा इंदूरचाच, आता पुण्यात आहे. परवाना तपासणारं कोड लिहिणं हेच माझं काम, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

साध्या सिरियल नंबरात एक गणित दडलेलं असतं. विंडोज ९५ च्या सीडीचा नंबर आठवा, आधी तीन अंक, मग सात. त्या सात अंकांची बेरीज ७ नं भागली गेली की मुख्य तपासणी पार. म्हणून १११-१११११११ सुद्धा चालायचा. गणित कितीही अवघड केलं तरी ते प्रोग्रामच्या आतच असतं. कुणीतरी ते उलगडतो आणि नंबर पाडणारं छोटं यंत्र बनवतो, त्यालाच कीजेन म्हणतात.

२००१ च्या विंडोज एक्सपीत इंटरनेटवरून किंवा फोनवरून अ‍ॅक्टिव्हेशन आलं, म्हणजे नंबर टाकल्यावर कंपनीकडून तो मंजूर करून घ्यायचा. पण मोठ्या संस्थांना दिलेल्या नंबरांना त्यातून सूट होती, आणि तसला एक नंबर बाजारात येण्याआधीच फुटला. कुलूप भक्कम होतं, किल्ली मागच्या दारानं गेली.

आजचा चांगला मार्ग डिजिटल सहीचा आहे. गुप्त किल्ली तुमच्या घरी, उघडी किल्ली प्रोग्राममध्ये. प्रोग्राम सही ओळखू शकतो, करू शकत नाही. कीजेनचा रस्ता त्यानं बंद होतो. तरी प्रोग्रामची फाइल ग्राहकाच्या डिस्कवर असते. तपासणीनंतर "हो की नाही" ठरवणारी सूचना शोधून दोन-चार बाइट बदलले की संपलं. जो फोडायलाच बसलाय त्याला तुमचा सर्व्हरही अडवणार नाही.

पण रामबागकर, तुमच्या नऊ दुकानांत कुणी काही फोडलंच नाहीये. एकच नंबर नऊ वेळा टाइप केलाय, बस. मग मशीन कशाला बांधता? नंबर दुकानाला बांधा. औषधाच्या बिलावर दुकानाचं नाव, जीएसटी क्रमांक, ड्रग लायसन्स क्रमांक असतोच. या तिन्हींवर तुमची सही करून परवान्याची फाइल द्या, आणि बिलाचा मथळा त्या फाइलमधूनच छापा. दुसऱ्या दुकानात टाकली तर बिलावर पहिल्याचं नाव येईल. तसं बिल कोण फाडेल? इंटरनेट लागत नाही. मदरबोर्ड जळला, नवा आणला, फाइल टाकली, काम सुरू.

जीएसटी_ताई

तीस दिवसांनी विचारणा हे वाचून लिहिल्याशिवाय राहवेना. सियागंजातल्या व्यापाऱ्यांचे हिशेब मी सांभाळते. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला ३बी, ही जीएसटीची रिटर्न्स भरायची. त्याच दिवशी नेट गेलं आणि प्रोग्राम उघडला नाही, तर उशिराचं शुल्क दुकानदार भरणार. आणि आतला हिशेब तुमचा नाही, त्याचा आहे. परवाना संपला तर नवं बिल अडवा हवं तर, पण जुनी बिलं बघायला आणि छापायला कधीच अडवू नका.

दुकानाला बांधायची कल्पना मला पटली, पण त्यातही एक खाच आहे. जीएसटी क्रमांकाच्या पोटात पॅन असतो. वडील गेले, दुकान मुलाच्या नावावर आलं, की पॅन बदलला, क्रमांक बदलला, लायसन्सही नवं. घरात तेरावं व्हायचंय आणि दुकानात बिल निघत नाही, अशी वेळ कुणावर आणू नका. एका फोनवर नवी फाइल मिळाली पाहिजे.

रामबागकर

बिट_मोजणारा, दोन दिवस मी मदरबोर्डचा क्रमांक कसा वाचायचा यात घालवले, आणि बिलाचा मथळा रोज डोळ्यांसमोर असून सुचला नाही. सर्व्हरची विचारणा काढतोय. ताई, जुनी बिलं कायम उघडी राहतील, शब्द देतो. आणि नाव बदलायचं असेल तर साठ दिवस जुनी फाइल चालेल.

काका, नोटीस त्या जोडणाऱ्याला जाईल, दुकानदारांना नाही. त्यांना वाटलं आपण विकतच घेतलंय. त्यांच्याकडून यंदा फक्त सपोर्टचे पैसे घेईन.

लोकमान्यनगर_काका

हे मला मान्य नाही. साडेसात हजार भरलेला उद्या विचारेल, मी का भरले?

अक्षरजुळारी

त्यांनी आधीच दोन हजार गमावलेत काका, आणखी किती?

दादा, एक राहिलं. उद्या तुम्ही हे काम बंद केलंत तर नवी फाइल कोण देणार? अडोबीनं डिसेंबर २०१२ मध्ये सीएस२ चे, म्हणजे फोटोशॉप वगैरेंच्या जुन्या संचाचे, अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले, तेव्हा जुन्या ग्राहकांसाठी अ‍ॅक्टिव्हेशन न लागणारी आवृत्ती आणि नंबर उघड ठेवले. तेवढं तरी कराल ना?

रामबागकर

करेन. परवाना न मागणारी आवृत्ती आत्ताच बनवून धाकट्या भावाकडे ठेवतो, तो इथंच नारायणबागेत राहतो. नव्या पावतीवर त्याचाही फोन नंबर छापीन.