तळ्याची सफाई रविवारी नको

बी-३०२: सेक्रेटरीसाहेब, रविवारी तळ्यातलं सगळं गवत काढणार, ही नोटीस आत्ता वाचली. गेल्या पावसाळ्यातही असंच झालं. कोणी विचारलं आम्हाला?

सेक्रेटरी: मीटिंगमध्येच ठरलं ताई. आपण नव्हता.

ए-१०४: पार्किंगचा दिवा आठवडाभर बंद आहे.

सी-२०१: काढाच गवत. परवा पायरीवर साप होता. आमच्याकडे लहान मूल आहे.

बी-३०२: काकू, फोटो पाहिला. दिवड आहे ती, बिनविषारी. पण डिवचली तर चावते, मुलांना लांबच ठेवा.

सी-२०१: तुम्हीच घ्या उशाशी.

ए-५०३: 😂 आणि बेडूक? रात्रभर डराव डराव!

सी-४०४: काका, पहिल्या पावसात ते पिवळेधमक झाले होते, गळ्याशी निळे फुगे. माझ्या व्हिडिओला तुम्हीच अंगठा दिला होतात.

ए-१०४: दिवा?

बी-३०२: पलीकडच्या गवतात टिबुकलीचं तरंगतं घरटं आहे. काल दुर्बिणीतून बघत होते. माळीदादा काठाने गेले, तशी तिने चोचीने ओलं शेवाळ ओढून अंडी झाकली, बुडी मारली आणि पार तिकडे वर आली. पांढरी अंडी डाग पडून तपकिरी झालीत. घरटं गवतालाच अडकवलेलं आहे. गवत ओढलं की तेही आलं.

सेक्रेटरी: मग डासांचं काय? फवारणीही सांगितली आहे.

बी-३०२: चतुराची पिल्लं पाण्यातच वाढतात, डासांच्या अळ्या खातात. फवारणीत आधी तीच मरतील. गच्चीवरची पिंपं रिकामी करा.

ए-५०३: पिंपं कोणाची, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

सी-२०१: नाव घ्या ना सरळ!

सेक्रेटरी: वैयक्तिक नको 🙏 दिवा उद्या लागेल.

बी-३०२: अंडी-घरटी मोडणं १९७२च्या वन्यजीव कायद्यात शिकारीतच धरतात. धमकी नाही, विनंती आहे. अंडी उबायला साधारण तीन आठवडे लागतात. तेवढं थांबा.

सेक्रेटरी: माणसांना आगाऊ रक्कम दिली आहे. रविवारी फक्त पायऱ्यांजवळचं काढतो. पलीकडचं पावसाळ्यानंतर. फवारणी थांबवतो.

सी-२०१: पायऱ्या मोकळ्या झाल्या तर माझं काही म्हणणं नाही. साप दिसला की फोन मात्र ताईंनाच.

बी-३०२: करा काकू, मध्यरात्रीही येईन.

सी-४०४: ताई, मी येऊ उद्या?

बी-३०२: साडेसहाला ये. माणसांना हद्द कळावी म्हणून काठावर दोरी बांधू. घरट्याकडे जायचं नाही, दुर्बीण मी आणते.