दुधाची दाढ काढल्यानंतर मुलीचा ओठ सुजला आहे. घरी कोणती काळजी घ्यावी?

इंदिरानगरची_आई

नमस्कार. माझ्या सात वर्षांच्या मुलीची खालची, मागच्या बाजूची दुधाची दाढ फार किडली होती आणि मुळाशी पू झाला होता, म्हणून काल दुपारी ती काढावी लागली. रक्त लवकर थांबले. मात्र दवाखान्यातून रिक्षाने घरी येईपर्यंत ती बधिर झालेला ओठ गंमत म्हणून चघळत होती. आज सकाळी तो ओठ एका बाजूने चांगलाच सुजला असून आतल्या बाजूस पांढरट चट्टा दिसतो आहे. दाढेच्या खळग्यातही पिवळसर थर दिसतो. हा जंतुसंसर्ग असेल का? सासूबाईंचे म्हणणे आहे की खळग्यात लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवावा आणि गरम हळद-दूध द्यावे. शिवाय तिला दुखण्यासाठी पॅरासिटामॉलचे सिरप किती द्यावे, याबाबतही माझा गोंधळ झाला आहे, कारण घरातील जुन्या बाटलीवरील आकडा नव्या बाटलीपेक्षा वेगळा आहे.

दंतवैद्य_पंचवटी

ताई, प्रथम ओठाविषयी लिहितो, कारण मुलांच्या बाबतीत दाढेच्या जखमेपेक्षा हाच प्रकार पालकांना अधिक घाबरवतो. खालच्या जबड्यात दिलेल्या इंजेक्शनचा बधिरपणा ओठात दोन ते चार तास टिकतो. त्या वेळेत मूल ओठ चावते, पण त्याला वेदना कळत नाही. दुसऱ्या दिवशी सूज येते आणि चट्टा पांढरट-पिवळसर होतो. दिसायला तो पुवासारखा असला तरी ती चावल्याने झालेली जखम असते, आणि केवळ तेवढ्यासाठी अँटिबायोटिक लागत नाही. ओठावर बाहेरून थंड पाण्याची घडी ठेवावी, व्हॅसलीनचा पातळ थर लावावा आणि तिला चट्टा खरवडू देऊ नये. साधारण आठवडा ते दहा दिवसांत तो भरून येतो.

खळग्यातील थराचेही तसेच आहे. रक्ताची गुठळी जमते, तिच्यावर पांढरट-पिवळा पापुद्रा धरतो आणि त्याच्याखाली नवी त्वचा तयार होते. हा थर पुसून स्वच्छ करण्याचा मोह टाळावा. तो निघाला तर रक्त पुन्हा सुरू होऊ शकते. लाळेला फिकट गुलाबी छटा एक दिवस दिसली तरी चालते. ताजे लाल रक्त येऊ लागले, तर स्वच्छ गॉझची ओली घडी दाढेच्या जागी ठेवून तिला वीस ते तीस मिनिटे घट्ट चावायला सांगावे आणि मध्येच उघडून पाहू नये. तरीही रक्त थांबले नाही, ताप आला, गालाची सूज डोळ्याकडे किंवा मानेकडे पसरू लागली, तोंड उघडेनासे झाले किंवा तिसऱ्या दिवसानंतर वेदना कमी होण्याऐवजी वाढली, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

लवंगेचे तेल खळग्यात घालू नये; ते उघड्या जखमेला आणि मुलांच्या नाजूक त्वचेला भाजते. हळद-दूध द्यायला हरकत नाही, फक्त ते कोमट करून द्यावे, म्हणजे सासूबाईंचाही मान राहील.

औषधाचे प्रमाण वयावर नव्हे, वजनावर ठरते. पॅरासिटामॉल एका वेळी दर किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम द्यावे, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर ठेवावे आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त मात्रा देऊ नयेत. वीस किलोच्या मुलीसाठी ही मात्रा 200 ते 300 मिलिग्रॅम होते. तुमच्या दोन बाटल्यांचा घोळ असा, की काही सिरपांत 5 मिलीलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम औषध असते, तर काहींत 250. त्यामुळे पहिल्या प्रकाराचे 8 ते 12 मिली आणि दुसऱ्याचे 4 ते 6 मिली, असा थेट दुपटीचा फरक पडतो. बाटलीवरचा आकडा वाचून, मापाच्या टोपणानेच औषध द्यावे. घरातला चमचा वापरू नये. जुन्या बाटलीची मुदतही पाहावी. अ‍ॅस्पिरिन मुलांना मुळीच देऊ नये.

सिडकोकर_बाबा

आमच्या मुलाच्या वेळी मऊ वरणभात, मुगाची खिचडी, दही आणि नाचणीची गार पेज यांवर पहिला दिवस सहज निघाला. आईस्क्रीमही चालते, पण कोन नको, कारण त्याचा चुरा खळग्यात अडकतो. चिवडा आणि शेव यांचेही तेच. मिसळ तर नाशिककरांच्या घरी रविवारी टळत नाही, तरी तिच्या ओठाची जखम भरेपर्यंत तिच्या ताटात ती नकोच. नळीने काही पिऊ देऊ नका, कारण ओढ बसून गुठळी निघू शकते. पहिला दिवस जोरात चूळ भरणे आणि थुंकणे टाळावे. त्यानंतर कोमट मिठाच्या पाण्याने, ते तोंडात नुसते हलवून बाहेर सोडण्याइतपत चूळ भरू द्यावी. बाकीचे दात मात्र नेहमीप्रमाणे घासावेत.

इंदिरानगरची_आई

दोघांचेही मनःपूर्वक आभार. तिला ताप नाही आणि गालही सुजलेला नाही. आणखी एक शंका: ही दुधाचीच दाढ होती, तर तेथे पुढे काही करण्याची गरज असते का?

दंतवैद्य_पंचवटी

तुमच्या मुलीच्या बाबतीत बहुधा असते. मागची दुधाची दाढ आपसूक दहा ते बारा वर्षांच्या सुमारास पडते आणि तिच्या जागी कायमची उपदाढ येते. सहाव्या वर्षी सर्वांत मागे उगवलेली कायमची दाढ, मधली जागा रिकामी दिसताच, पुढे कलू लागते. मग उपदाढेला बाहेर यायला वाटच उरत नाही आणि दात वेडेवाकडे येतात. म्हणून जखम भरल्यावर स्पेस मेंटेनर, म्हणजे शेजारच्या दाढेला बसवलेली धातूची पट्टी आणि तिला जोडलेला तारेचा फास, लावतात. एक्स-रेमध्ये उपदाढ हिरडीच्या अगदी जवळ आलेली दिसली, तर तो लावावा लागत नाही. पंचवटीतील के. बी. एच. दंत महाविद्यालयातही याबाबत सल्ला घेता येईल. तो बसवल्यावर चिक्की आणि चिकट चॉकलेट बंद ठेवावे आणि पट्टी सैल झाली तर ती फेकून न देता डबीत घालून घेऊन यावी. बहुतेक वेळा तीच पुन्हा बसवता येते.