कोविडनंतर हाफ मॅरेथॉन: सराव कधी, गर्दीचं काय?

प्रश्न: सौम्य कोविड होता, ताप जाऊन आठ दिवस झाले. सहा आठवड्यांनी २१ किमी आहे. सराव कधीपासून?

पहाटपळ्या: लक्षणं सुरू झाल्यापासून किमान १० दिवस विश्रांती आणि सलग ७ दिवस लक्षणं नकोत, तेही औषधाविना. पॅरासिटामॉलने उतरलेला ताप धरायचा नाही. मग दोन दिवस फक्त १५ मिनिटं चालणं किंवा हलका जॉग, नाडी तुमच्या कमाल ठोक्यांच्या ७०%च्या आत. पुढे ३० मिनिटं, मग ४५, नाडी ८०%च्या आत. इंटरव्हल (आळीपाळीने जोरात आणि हळू पळणं) सगळ्यात शेवटी. उठल्याउठल्या नाडी मोजा. नेहमीपेक्षा चढी असेल तर बूट घालूच नका. सहा आठवड्यांत पूर्ण करता येईल, पण वेळेचं लक्ष्य सोडा.

सह्याद्रीवेडा: छातीत दुखणं, धडधड, चक्कर, सोप्या वेगालाही धाप, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबा. आधी डॉक्टर, ईसीजी. गरजेप्रमाणे ट्रोपोनिन (हृदयाची इजा दाखवणारी रक्तचाचणी), इको (हृदयाची सोनोग्राफी). हृदयाच्या स्नायूला सूज निघाली तर ३ ते ६ महिने पळणं बंद. सुजेवर जोर पडला की ठोके जीवघेणे बिघडू शकतात, म्हणून 'घाम काढला की बरं वाटेल' हा सल्ला कानाआड करा.

चिपटाइम: मास्क स्टार्टच्या गर्दीत घाला. घामाने भिजला की श्वास जड होतो, म्हणून कोरडा जादा मास्क झिपच्या पिशवीत ठेवा. पुढे घुसू नका, नेट टाइम (तुमची स्वतःची चिपवरची वेळ) तुम्ही स्टार्टची मॅट ओलांडल्यावरच सुरू होतो. पाण्याची बाटली स्वतःची. पदक घेऊन थेट घरी, फोटोच्या घोळक्यात नाही!