गणपतराव देशमुखांचं काम म्हणजे फक्त साधेपणा का? सांगोल्याकडच्यांनी सांगा

प्रश्न
नमस्कार मंडळी. मी मूळचा विदर्भातला, सध्या स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. भाई गणपतराव देशमुखांबद्दल जिथं बघावं तिथं एकच वाचायला मिळतं, की ११ वेळा आमदार झाले, एकच मतदारसंघ, एकच पक्ष, आणि एसटीने फिरायचे. हे सगळं मान्य आहे आणि आदरही आहे, पण इतकी वर्षं माणूस निवडून येतो तर नुसतं एसटीने फिरल्यामुळे येत नसणार ना? त्यांनी नेमकं काय केलं हे त्या भागातलं कुणी सांगेल का? ३० जुलै २०२१ ला ते गेले तेव्हा भरपूर लेख आले पण बहुतेकांत तेच होतं.

माणदेशी_पोरगा
भाऊ बरोबर जागेवर बोट ठेवलंत. आमच्याकडं त्यांना आबासाहेब म्हणायचे. त्यांचं खरं काम पाण्याचं. सांगोला म्हणजे सोलापूर जिल्ह्यातला कायमचा दुष्काळी तालुका, माण नदी नावाला नदी, वर्षातले बरेच महिने नुसती वाळू. कृष्णेचं पाणी उचलून या भागाला मिळालं पाहिजे म्हणून नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि आबासाहेब यांनी मिळून १३ दुष्काळी तालुक्यांची चळवळ उभी केली, सातारा सांगली सोलापूर तिन्ही जिल्ह्यांतले तालुके त्यात. आटपाडीला पाणी परिषद भरायची. आमचे आजोबा फडक्यात भाकरी बांधून ट्रकमधनं जायचे, रात्री उशिरा परत यायचे आणि दुसऱ्या दिवशी पारावर बसून कोण काय बोललं ते सगळ्यांना सांगायचे. मागणी नुसती पाणी द्या अशी नव्हती, समन्यायी वाटप करा अशी होती, म्हणजे कालव्याच्या तोंडाला रान असणाऱ्यानं सगळं ओढायचं आणि शेवटच्यानं बघत बसायचं असं नको. कृष्णेचं पाणी उचलून आणणाऱ्या टेंभू योजनेचं पाणी जेव्हा माणच्या पात्रात आलं तेव्हा माणसं बघायला बंधाऱ्यावर गेली होती, मी पण गेलो होतो. आजोबा तोपर्यंत राहिले नव्हते.

सूतगिरणीची_लेक
माझी आई सांगोल्याच्या सूतगिरणीत होती म्हणून लिहिते. आमच्याकडं कापूस जवळजवळ पिकत नाही, तरी सहकारी सूतगिरणी काढली आणि चालवून दाखवली, पुढं बायकांची वेगळी पण झाली. दुष्काळात शेतात काम नसायचं तेव्हा त्या पगारावर आमचं घर चाललं. आई पाळीवरून आली की केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू असायचे, आम्ही तिच्या मांडीवर बसून ते वेचायचो. सहकारी संस्था काढून बुडवलेल्या महाराष्ट्रात ढिगानं आहेत, म्हणून चालू ठेवली याचंच मला जास्त मोल वाटतं. आणि एसटीचं म्हणाल तर ते खरंच आहे दादा, त्याला कमी लेखू नका. आमदारांसाठी राखीव अशी पाटी प्रत्येक एसटीत असते, त्या सीटवर खरोखरचा आमदार बसलेला कितीजणांनी बघितलाय?

कडू_पण_खरं
आदर ठेवूनच बोलतो, सगळं गोडगोड नको. पाणी यायला दोन पिढ्या गेल्या. आबासाहेब १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले आणि शेतकरी कामगार पक्षातच (शेकाप) राहिले, त्यामुळे बहुतेक काळ विरोधी बाकांवर, १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ ला विलासरावांच्या मंत्रिमंडळात मंत्री होते तेवढाच काय तो अपवाद. सत्तेत असते तर तालुक्याला लवकर निधी मिळाला असता असं माझे वडील म्हणायचे आणि मलाही तसंच वाटतं. लोकांनी त्यांना दोनदा पाडलंय हेही लक्षात ठेवा, १९७२ ला आणि १९९५ ला, दुसऱ्यांदा तर फक्त १९२ मतांनी.

माणदेशी_पोरगा
@कडू_पण_खरं तुमच्या वडिलांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, उशीर झालाच. पण पडल्यावर पक्ष बदलला का त्यांनी? १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले, १९९९ ला परत आले, दोन्ही वेळा शेकापच्या लाल बावट्याखालीच. सत्तेत जाऊन पाणी आणलं असतं तर ते आमच्या तालुक्यापुरतंच आलं असतं, शेजारच्या १२ तालुक्यांचं काय? आणि रोजगार हमी विसरू नका. वि. स. पागेंनी मांडलेली ही योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर गेली आणि १९७७ ला कायदा झाला, काम मागितल्यावर १५ दिवसांत द्यायचं नाहीतर बेकारी भत्ता. विधानसभेत या विषयावर सतत बोलणाऱ्यांत आबासाहेब होते. पाझर तलावावर माती वाहणाऱ्या बाईला हजेरीपटावरचे पैसे वेळेत मिळाले का, हा प्रश्न विरोधी बाकावरनंच जोरात विचारता येतो.

कडू_पण_खरं
हा मुद्दा मान्य. वडील १९७२ ला खडी फोडायला होते, त्यांनाही पटला असता.

प्रश्नकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार, ताईंचे विशेष. विधानसभेतली त्यांची भाषणं मुळातून वाचावी म्हणतोय, कामकाजाची छापील इतिवृत्तं असतात ना. २०१९ ला ते स्वतः उभे राहिले नाहीत आणि नातू ७६८ मतांनी पडले, मग २०२४ ला दुसरे नातू निवडून आले, एवढं वाचलंय. टेंभूचं पाणी आता शेवटच्या गावांपर्यंत पोचतं का? तिकडचं कुणी असेल तर लिहा.

सूतगिरणीची_लेक
आमच्या मामांच्या गावाला अजून पाळी लागते, पण येतं. यंदा डाळिंबाला दोन पाणी मिळाली.