मदत हवी आहे: रंगीटोटोचा माथा आईबाबांना झेपेल का?

डिसेंबरात आईबाबा ऑकलंडला येतायत. बाबांनी फोटो बघून आधीच जाहीर केलंय की तिथल्या रंगीटोटो बेटावरच्या डोंगरावर जायचंच. उंची २५९ मीटर, धक्क्यापासून माथ्यापर्यंत साधारण तासभर, बोटीला २५ मिनिटं, एवढं वाचलंय. पण हे तासाचे आकडे तरण्याताठ्या लोकांचे असतात असा माझा संशय आहे.

बाबा रोज चालतात, त्यांची काळजी नाही. आईचा डावा गुडघा चढताना गप्प असतो, उतरताना बोलतो. वाट कशी आहे? मध्येच बसायचं ठरलं तर काही बघायला मिळतं की नुसतीच झाडी? आणि माथ्यावरून नेमकं काय दिसतं? बाबा विचारून विचारून हैराण करणार.

प्रतिसाद १
चढ अंगावर येत नाही, हळूहळू वर नेतो. त्रास आहे तो खडीचा. जेमतेम ६०० वर्षांपूर्वीचा ज्वालामुखी, त्यामुळे सगळीकडे काळा, खरबरीत लाव्हा. उतरताना सुटे खडे पायाखालून सरकतात. आईंना दोन काठ्या द्या, एक नको. जाड तळव्याचे बूट हवेत, सँडल नकोत. माथ्याजवळ लाकडी पायऱ्या आहेत, तिथे उलट बरं वाटतं.

सकाळची बोट घ्या. दुपारी तो काळा दगड तव्यासारखा तापतो. बेटावर दुकान नाही, पाणी-खाणं सोबतच. बोटीत चढण्याआधी बूट आणि पिशव्या झाडून घ्या, माती, बिया, मुंग्या काहीही जाता कामा नये. २०११ पासून हे बेट उंदीर-घुशींपासून मुक्त आहे, त्याबाबतीत तिथली मंडळी कडक आहेत, आणि बरोबरच आहे.

प्रतिसाद २
बाबांसाठी: एवढ्या उंचीवरून क्षितिज साधारण ६० किलोमीटरवर असतं. ग्रेट बॅरिअर बेट ८० च्या आसपास, म्हणजे क्षितिजापलीकडे. तरी हवा स्वच्छ असेल तर दिसतं, कारण त्याचा डोंगर ६०० मीटरच्या वर आहे. पायथा क्षितिजाआड, बाकी डोंगर वर! दुर्बीण न्या. मागे वळलात की अख्खं शहर.

आईंना माथा नको वाटला तर विवराच्या काठापर्यंत तरी न्या. आत खोल खड्डा, पूर्ण झाडीने भरलेला. डिसेंबरात पोहुटुकावा नावाचं झाड लाल फुलतं, आणि त्याचं सर्वात मोठं जंगल याच बेटावर आहे. त्यामुळे वाटेत बसणं वाया जाणार नाही.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. काठ्या आजच मागवते. लाव्हाच्या गुहांचा फाटा लागतो म्हणे, तो आईसाठी वगळावा का?

प्रतिसाद १
वगळा. आत अंधार, टॉर्च लागतो, वाकून जावं लागतं. बाबांना हौस असेल तर उतरताना जाऊ द्या, पण परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ आधी बघून ठेवा. बेटावर मुक्कामाची सोय नाही.