रोम, आई-बाबांना घेऊन : अनुभव धागा

सत्तरीच्या आसपासच्या आई-बाबांना घेऊन रोमला जाणाऱ्यांसाठी हा धागा. 'अविस्मरणीय', 'डोळ्यांचं पारणं' वगैरे नको. पायऱ्या किती, टेकायला जागा कुठे, घोळ कुठे होतो, तेवढं लिहा. व्हिसाचं गुऱ्हाळ दुसरीकडे चालू आहे.

*

आधी रस्ते. जुन्या भागात साम्पिएत्रीनी म्हणजे बसाल्टचे काळे ठोकळे बसवलेले आहेत, आपल्या काळ्या पाषाणाचेच भाऊबंद. माथे झिजून गुळगुळीत आणि मधे फटी. काठीचं रबरी बूच फटीत अडकून निघून येतं, म्हणून दोन जादा बुचं सोबत ठेवा. व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं तर हमखास रुततात. अशा वेळी जोर लावून ढकललं की बसलेला माणूस पुढे कोसळतो. खुर्ची उलटी फिरवायची आणि मोठ्या चाकांवर आपल्याकडे ओढत न्यायची. साडी नेहमीपेक्षा दोन बोटं वर नेसलेली बरी. पाऊस पडून गेल्यावर तासभर तरी या गल्ल्या टाळा, दगड साबणासारखे होतात.

*

व्हॅटिकनमध्ये लोक तीन ठिकाणी फसतात.

संग्रहालयाचं दार आणि सेंट पीटर्स बॅसिलिका या मोठ्या चर्चचं दार एक नाही. भिंतीच्या कडेकडेने पंधरा-वीस मिनिटांची चाल आहे, आणि म्हाताऱ्या पायांना ती जास्तच लागते. टॅक्सीवाल्याला नुसतं 'व्हॅटिकन' सांगितलं तर तो बॅसिलिकासमोरच्या चौकात सोडतो. संग्रहालयासाठी 'व्हियाले व्हातिकानो' म्हणा. संग्रहालयातल्या सिस्टिन चॅपेलमधून थेट बॅसिलिकात उतरता येतं असं ऐकलं असेल, पण त्या दारावर बेत आखू नका.

दुसरं, बॅसिलिकाचा घुमट. लिफ्टचं तिकीट काढलं की वर पोचलो असं वाटतं. एकूण ५५१ पायऱ्यांपैकी लिफ्ट फक्त गच्चीपर्यंतच्या वाचवते, पुढे ३२० उरतातच. जिना अरुंद, वर भिंती घुमटासोबत तिरक्या होत जातात, आणि मागून माणसं येत असल्याने अर्ध्यातून परतणं कठीण. गुडघे कुरकुरत असतील तर गच्चीवरच थांबा. तिथे कॉफी मिळते, स्वच्छतागृह आहे, आणि दर्शनी भागावरचे प्रेषितांचे प्रचंड पुतळे पाठीमागून दिसतात. माझ्या मते वरच्या देखाव्यापेक्षा हेच मजेदार.

तिसरं, रविवार. संग्रहालय महिन्याच्या शेवटच्या रविवारी फुकट असतं, बाकीचे रविवार बंद. त्या फुकटाच्या नादी लागू नका. रांगेतच आई-बाबांचा दिवस संपतो. सिस्टिन चॅपेलमध्ये भिंतीलगत बाकं आहेत. जागा रिकामी होईपर्यंत थांबा आणि बसूनच छत बघा, उभ्याने मान धरते.

*

कोलोसियमच्या तिकिटावर नाव असतं आणि दारात ओळखपत्र बघतात. आपल्याकडे पासपोर्टात मधलं नाव, म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, पहिल्या नावाला जोडून येतं. बुकिंग करताना पासपोर्ट उघडून जसंच्या तसं लिहा. लग्नाआधीचं नाव असेल तर तेच.

आत लिफ्ट आहे, तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा. जिने फार चढे आहेत. त्याच तिकिटात फोरम, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष, येतं, पण तिथे सावली कमी आणि खडबडीत फरसबंदी. चालणं जड जात असेल तर काम्पिदोल्योच्या टेकडीमागून अख्खं फोरम खाली पसरलेलं दिसतं. टेकडीवर जाताना समोर दोन वाटा येतात. डावीकडचा आराकोएलीचा जिना १२४ पायऱ्यांचा, उभा. उजवीकडची मायकेलअँजेलोने आखलेली उतरण रुंद, लांबट पायऱ्यांची. उजवीच घ्या.

*

बसमध्ये बँकेचं कार्ड टेकवून तिकीट निघतं, पण एका कार्डावर एकच माणूस. तिघांना तीन कार्डं हवीत, नाहीतर कागदी तिकिटं. एक तिकीट १०० मिनिटं चालतं, बस कितीही बदला, मेट्रोत शिरणं मात्र एकदाच. कागदी तिकिटावर चढल्याबरोबर शिक्का मारायचा. तिकीट खिशात आहे पण शिक्का नाही, तरी दंड! ६४ नंबरची बस खिसेकापूंसाठी प्रसिद्ध आहे. आईची पर्स पुढे.

*

शाकाहारींनो, 'काचो ए पेपे' हा पास्ता म्हणजे नुसतं चीज-मिरी असलं तरी पेकोरीनो रोमानो चीज कोकराच्या रेनेटने, म्हणजे त्याच्या जठरातून काढलेल्या अर्काने, विरजतात. चालत नसेल तर पिझ्झा मारिनारा मागा. त्यावर चीजच नसतं. सुप्प्ली हा भाताचा तळलेला गोळा दिसायला बटाटेवड्यासारखा, पण आत बहुतेक वेळा खिमा. पियात्सा व्हित्तोरिओजवळच्या एस्क्विलिनो मंडईत डाळ, तांदूळ, मिरच्या मिळतात.

मधुमेह असेल तर वेळा सांभाळा. बऱ्याच खानावळी दुपारी तीनला बंद होतात त्या सात-साडेसातला उघडतात. मधल्या वेळात तुकड्यावर, वजनाने मिळणारा पिझ्झा हाच आधार.

*

स्पॅनिश स्टेप्सवर २०१९पासून बसायला बंदी आहे, दंड होतो. 'जरा टेकतो' म्हणणाऱ्या बाबांना आधीच सांगून ठेवा. पँथिऑन या प्राचीन रोमन देवळात मात्र बाकं आहेत. छताचं भोक उघडंच असल्याने पावसात फरशी ओली होते, तेव्हा मधल्या भागापासून लांब राहा.

*

पाणी विकत घेऊ नका. रस्तोरस्ती 'नासोने' म्हणजे नाकाड्या लोखंडी नळ आहेत, शहरभर अडीच हजारांच्या घरात, पाणी पिण्याचं आणि गार. वाकता येत नसेल तर नळाच्या तोंडाला बोट दाबून धरा. नळाच्या पाठीवर बारीक भोक आहे, तिथून धार वर उडते. बोट हळूहळू दाबायचं, नाहीतर चष्म्यावर.