ड्रायव्हर साईडची काच खालीच अडकली, खरंच मोटर बदलावी लागेल का?

परभणीचा_गडी
नमस्कार मंडळी, 2014 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, 91 हजार किमी झालेत. परवा जिंतूरहून येताना बोरीजवळ माझ्या बाजूची काच खाली घेतली ती परत वर येईनाच. चार बोटं दिसायलीय, बाकी सगळी दारात. बाकीच्या तिन्ही काचा माझ्याच दारावरच्या बटणांनी मस्त चालायल्यात. फ्यूज काढून बघितला, शाबूत आहे. बटण दाबलं की कसलाच आवाज नाही, एकदम शांत. फिटरकडं नेली तर त्यानं दाराला हातही न लावता सांगितलं की मोटर गेली, मशीनसकट (काच वर-खाली करणारी आतली यंत्रणा) बदला, साडेचार हजार. पैसे देईन हो, पण न उघडता त्याला कळलं कसं हे मला पटेना. आईला दर आठवड्याला नांदेडला दवाखान्यात न्यावं लागतं, इकडं आभाळ रोज भरून यायलंय, काल प्लास्टिक चिकटपट्टीनं लावून निघालो तर झिरो फाट्यापर्यंत फडफडीनं तिचं डोकं धरलं. घरी पाने, टेस्ट लॅम्प (करंट येतो का बघायचा छोटा दिवा) आहे, करायची तयारी आहे. सुरुवात कुठून करू?

लातूर_गॅरेज
दादा मोटरचे पैसे आत्ताच देऊ नका. 19 वर्षं हेच काम करायलोय, ड्रायव्हरचं दार दिवसातून सगळ्यात जास्त उघडतं आणि तिथंच वायरी तुटतात. दार आणि बॉडीच्या मधी बिजागरीजवळ काळं रबराचं नळकांडं असतं ना, सगळ्या वायरी त्यातून जातात आणि दर वेळी वाकतात, दहा वर्षांत तांबं आतल्या आत तुटतं आणि वरचं कव्हर मात्र धड दिसतं. आधी एवढंच करा, चावी ऑन करून दार पूर्ण उघडा, बटण वरच्या बाजूला दाबून धरा आणि दुसऱ्यानं दार हळूहळू बंद-उघडं करायचं, ते रबर पण हातानं हलवायचं. मधीच काच हलली, नुसता झटका जरी बसला, तरी समजा वायर आहे.

औरंगपुरा_ड्रायव्हर
माझ्याकडं मोटरच निघाली होती. मोटरच्या आत करंट पोचवणारे कार्बन ब्रश झिजले होते. बटण दाबून धरून दाराच्या पॅडवर (आतल्या बाजूच्या आवरणावर) मोटर बसते तिथं मुठीनं दोन-तीनदा ठोकलं की काच वर जायची, असं महिनाभर चाललं मग पूर्णच बंद. ठोकून बघा एकदा, फुकटचं आहे. आणि बटण दाबताना आतल्या लाईटकडं लक्ष ठेवा, लाईट जराशी मंद झाली तर करंट मोटरपर्यंत जायलाय पण काच किंवा मशीन जाम आहे.

परभणीचा_गडी
ठोकून झालं, काही नाही. लाईट पण मंद होत नाही. दार हलवून बघितलं तर एकदा खट्ट झालं आणि काच बोटभर वर आली!! परत केलं तर नाही. आता पॅड काढू का?

लातूर_गॅरेज
काढा. हँडलच्या खाचेत एक स्क्रू आणि हात टेकवायच्या कप्प्यात एक असतो, काही गाड्यांत त्यावर छोटं झाकण असतं, बाकी कडेनं लॉक म्हणजे प्लास्टिकचे खटके असतात, खालून ओढत या, एकाच कोपऱ्याला जोर देऊ नका, लॉक तुटले की पॅड आयुष्यभर खडखडतं. आतला प्लास्टिकचा कागद फाडू नका, तो पावसाचं पाणी आत यायला नको म्हणून असतो. मग मोटरचा कपलर म्हणजे वायरींचा प्लग काढून टेस्ट लॅम्प त्या दोन पिनांच्या मधी लावा, एक पिन आणि बॉडी असं नको, बटण वर दाबा, खाली दाबा. दोन्हीकडं पेटला तर मोटर खराब. नाही पेटला तर बटण किंवा वायर. मोटर चांगली आहे का ते बघायला बॅटरीवरून दोन वायरी आणा, मधी फ्यूज टाका, थेट मोटरला द्या, काच उलटी पळाली तर वायरी अदलाबदल करा. बोटं मशीनच्या तारेत घालू नका, नख जाऊ शकतं, बोट पण.

जालना_रोड
पॅड उघडलंच आहे तर काचेचं बीडिंग, म्हणजे काच ज्यातून सरकते ते रबर, पण साफ करा. काळ्या मातीचा फुफाटा रबरात जाऊन बसतो, मग काच घासत चढते आणि मोटरला जास्त ताण येतो. ओल्या फडक्यानं पुसून सिलिकॉन स्प्रे मारा. ऑईल नका मारू, ते धूळ धरतं आणि रबर फुगवतं.

परभणीचा_गडी
झालं!! लॅम्प एकाही बाजूला पेटला नाही, मोटरला डायरेक्ट दिलं तर काच सरसर वर, आई ओट्यावर बसली होती, म्हणाली चढली की रे. मग ते रबर मागं सरकवलं, हिरव्या वायरीवर नखानं दाबलं तर मधी पोकळ लागली, कव्हर ताणलं तसं तुकडा हातात आला, आत तांब्याचे टोकं काळे पडलेले. शेजारची लाल वायर पण मऊ पडलीय. आता नुसतं पिळून टेप मारू का?

लातूर_गॅरेज
अजिबात नको, वाकायच्या जागीच जोड आला तर सहा महिन्यांत परत तिथंच तुटतो. बॅटरीचा मायनस काढा, दोन्ही वायरींचा खराब भाग कापून टाका, त्याच जाडीची मऊ बारीक तारांची वायर घ्या आणि जोड रबराच्या बाहेर येईल एवढा तुकडा घाला, एक जोड दारात आणि एक बॉडीत. सोल्डर करून हीट श्रिंक (गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी) चढवा. दार पूर्ण उघडल्यावर वायर ताणली जायला नको, थोडा ढील ठेवा. सोल्डर जमत नसेल तर चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडं जा, मोटरच्या मानानं खर्च कायच नाही, फक्त समोर उभं राहून जोड कुठं देतोय ते बघा.

परभणीचा_गडी
लालसकट दोन्ही बदलल्या, पन्नासेक वेळा दार उघडून-लावून बघितलं, काच एका दमात वर. बीडिंगमधून मूठभर माती निघाली. एकच, बॅटरी जोडल्यापासून एका टचला वर जायची ती जाईना, धरून ठेवावं लागतंय.

औरंगपुरा_ड्रायव्हर
ते सेटिंग उडालंय. काच पूर्ण खाली न्या, मग वर नेऊन पूर्ण बंद झाल्यावर पण बटण दोन-तीन सेकंद ओढूनच धरा. बऱ्याच गाड्यांत असंच असतं, तुमच्या मॅन्युअलमधी नक्की दिलेलं असेल.

परभणीचा_गडी
झालं, एका टचला. मंगळवारी नांदेड.